माणसं तीन

१

गुद्रुन लिंझ शहरात ट्राम चालवते. पंधरा वर्षं झाली. दार बंद करण्याआधी आरशात बघायचं, कोणाचं पोर बाहेर राहिलंय का, कोणाची पिशवी अडकलीय का, आणि मगच बटण दाबायचं. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरलीय की घरातून निघतानाही ती दारात थांबून मागे वळून बघते. नवरा हाराल्ट त्यावरून तिची टर उडवतो. "चला, कंडक्टरीणबाईंनी घंटी दिली," म्हणतो. ती कंडक्टर नाही, चालक आहे, आणि हे ती त्याला दर वेळी ठणकावून सांगते.

हाराल्टला कारखान्यात वीस वर्षं झाली म्हणून मालकांनी बक्षीस दिलं. फेब्रुवारीच्या शाळेच्या सुट्टीत आठवडाभर टिरोलच्या डोंगरात, आडलबाख गावाच्या वरच्या वळणावर, एक आलिशान अपार्टमेंट. एरवी ही मंडळी स्कीला जायची ती एखाद्या शेतकऱ्याच्या माडीवर. खाली गाई, वर दोन खोल्या, नळाला गरम पाणी आलं तर आलं. इथे मात्र भिंतभर काच, त्या काचेत अख्खा डोंगर, पायाखाली उबदार लाकडी जमीन, आणि सगळीकडे ताज्या तासलेल्या देवदाराचा वास. दिव्याचं बटण औषधालाही नाही. माणूस खोलीत आला की दिवा आपणहून लागणार, हात पुढे केला की नळ सुटणार.

"असं पाहिजे आयुष्य," हाराल्ट सोफ्यावर अंग टाकत म्हणाला.

दारामागे चार खुंट्या होत्या आणि त्यांतल्या तीन खुंट्यांवर लाकडाची पाटी, त्यात सुबक कोरलेलं नाव. हाराल्ट. गुद्रुन. किलिआन. किलिआन म्हणजे अकरा वर्षांचा थोरला. त्याने आपल्या पाटीखाली ऐटीत जाकीट अडकवलं. धाकटी व्रोनी, साडेपाच वर्षांची, पुढचा दात हलणारी, तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू तो झोपेपर्यंत, ती खुंट्यांखाली उभी राहून बोटाने मोजत होती.

"माझी कुठेय?"

मुलांच्या खोलीत पलंग दोन होते, पण चादर एकावरच घातलेली. टॉवेल तीन. कप तीन.

"हाराल्ट," गुद्रुनने विचारलं, "पाहुण्यांच्या पत्रकात किती माणसं लिहिलीस?"

"तीन."

"आणि ही काय सामानातून आलीय?"

"अगं, सहा वर्षांखालच्यांचं नाव घालावं लागत नाही. बारीक अक्षरांत तसं लिहिलंच होतं. तो रकाना सगळेच मोकळा सोडतात. माझ्या बहिणीने गेल्या वर्षी तेच केलं."

"लागत नाही म्हणजे घालायचंच नाही का? एक नाव लिहायला तुझे हात झिजले असते?"

तिने खाली फोन लावला. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या त्सांगर्लबाई फार गोड बोलल्या. हो हो, करते ना, काळजीच करू नका. गुद्रुनने कपाटातून चादर काढून दुसरा पलंग स्वतःच घातला आणि विषय तिथे संपला असं तिला वाटलं.

२

त्या खोऱ्यात सकाळी बेकरीवाला दारोदार कापडी पिशव्या अडकवून जातो. ताजे गोल पाव, माणशी दोन. रविवारी सकाळी हाराल्टने पिशवी आत आणली, तर पाव सहा आणि उकडलेली अंडी तीन.

"माझं अंडं?" व्रोनी म्हणाली.

"माझं घे," गुद्रुन म्हणाली. "मला नकोच होतं." हवं होतं खरं तर.

मुलांच्या खोलीकडून बैठकीत यायला एक लांबट, बिनखिडकीची वाट होती. व्रोनी तिथून धावत आली ती अंधारातूनच. दिवा लागला नाही. ती परत गेली, परत आली. उड्या मारल्या, हात हलवले, फेर धरला. अंधार तो अंधारच. किलिआनने बैठकीतून नुसता पायाचा अंगठा आत सरकवला आणि लख्ख उजेड पडला.

"बघितलंस? घराला माणसं कळतात," तो म्हणाला. "माकडं नाही कळत."

"तूच माकड!" व्रोनी खिदळली. "आई, घर माझ्याशी लपाछपी खेळतंय!"

न्हाणीघरातला नळही तिच्या हाताखाली सुटेना. गुद्रुनला ते खटकलं. मुलगी बुटकी आहे, दिव्याच्या वरच्या डोळ्याला दिसत नसेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण तिचा स्वभाव असा की मनाशी म्हटलेलं तिला पुरत नाही. हाराल्ट दात घासत असताना ती त्या वाटेत चक्क चार पायांवर रांगत गेली, व्रोनीपेक्षा कितीतरी खाली. दिवा लागला. मग ती पोटावर झोपून सरपटली. तरी लागला.

तोंडात ब्रश धरून हाराल्ट दारात उभा होता. "हे काय चाललंय?"

"तपासतेय."

"अंगाच्या उष्णतेवर चालत असेल ते. लहान पोर, लहान अंग. सुट्टीवर आलीयस ना? मग उठ की."

ती उठली. कोपरांना देवदाराचा भुसा लागला होता, तो तिने झटकला.

३

तळमजल्यावर बूट ठेवायची खोली होती. तिथे गरम दांड्यांवर स्कीचे बूट रात्रभर उलटे ठेवायचे, म्हणजे सकाळी पाय घालताना जीव सुखावतो. सोमवारी सकाळी तिघांचे बूट उबदार, कोरडेठाक. व्रोनीचे मात्र ओले, आणि आत बोटं घातली तर बर्फासारखे गार. गुद्रुनने दांडीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. म्हणजे दांडी तापलेली, रात्रभर तिच्यावरच असलेले बूट मात्र गोठलेले. दांडी आत्ताच सुरू झाली असेल, तिने स्वतःला सांगितलं. सांगताना तिचं तिलाच पटलं नाही.

तेवढ्यात त्सांगर्लबाई आल्या. साठीच्या, डोक्याभोवती वेणी घातलेल्या, हिरव्या लोकरी बंडीतल्या टापटीप बाई.

"काय, झोप लागली ना छान? काही हवं-नको?"

"माझ्या मुलीचं नाव घालायला सांगितलं होतं मी शनिवारी."

"हो हो, माझ्या ध्यानात आहे."

"मग आज पुन्हा सहाच पाव कसे?"

"माणशी दोन," त्सांगर्लबाई हसून म्हणाल्या. "आपण तिघं ना?"

"चौघं. ही बघा. ही काय उभी आहे." गुद्रुनने व्रोनीला खांद्यांना धरून पुढे केलं.

त्सांगर्लबाईंनी पाहिलं. नीट खाली वाकून पाहिलं, जिथे व्रोनी उभी होती तिथेच. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अगंबाई, इथे पाणी सांडलंय. कोणी घसरून पडायचं." त्या आत जाऊन फडकं घेऊन आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि व्रोनीच्या बुटांभोवतीचं वितळलेलं बर्फ पुसायला लागल्या. फडकं जवळ आलं तसा व्रोनीने एक पाय उचलला, मग दुसरा. त्या खालून पुसून गेल्या.

"झालं," त्या उठून म्हणाल्या. "मजा करा तिघं."

गुद्रुन व्रोनीचा हात धरून तिथून निघाली. बाहेर पडल्यावर व्रोनीने तिचा हात ओढला. "आई, त्या आजी वेड्या आहेत का?"

"आहेत," गुद्रुन म्हणाली. "ठार वेड्या."

४

मंगळवारी दुपारी हाराल्टने हौसेने बटाट्याचं आणि चीजचं काहीतरी भाजलं आणि टेबल मांडलं. ताटल्या तीन.

"गंमत करतोयस?" गुद्रुनने विचारलं.

"कसली गंमत?"

तिने नुसतं व्रोनीकडे बोट दाखवलं. हाराल्टने पाहिलं. क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याचा चेहरा कोरा होता. अनोळखी गावात रस्ता विचारला की होतो तसा. मग तो मोठ्याने हसला, कपाळावर हात मारला. "अरे देवा! माझी राणीच राहिली की! या घराने मला पण तिघांची सवय लावली." त्याने ताटली आणली, व्रोनीच्या गालाचा मुका घेतला, सगळ्यात मोठा वाटा तिला दिला.

व्रोनीने तो अर्धा टाकला. जी पोरगी भावाच्या ताटातलं पळवून खाते ती म्हणाली, "मला भूक नाहीये फारशी."

संध्याकाळी गुद्रुनने किलिआनला सांगितलं, "व्रोनीला हाक मार, कोको झालाय."

"कोणाला?" फोनमधून मान न उचलता तो म्हणाला.

"तुझ्या बहिणीला!"

"हां… व्रोनीला." नाव त्याने असं उच्चारलं, जणू गेल्या वर्षी वर्गात होती एखादी.

त्यावरून घरात जे भांडण झालं ते झालं. गुद्रुनने दोघांना उभं-आडवं झापलं. हाराल्ट म्हणाला, एका ताटलीपायी तू सुतावरून स्वर्ग गाठतेस. एक फोनमधला पोरगा आणि एक विसराळू बाप, यात नवीन काय? आणि खरंच, यात नवीन काय होतं? तिने पाकिटाचा पुठ्ठा कापला, त्यावर जाड पेनाने व्रोनी असं ठसठशीत लिहिलं आणि चौथ्या खुंटीवर टांगलं.

सकाळी पुठ्ठा जागेवर होता. अक्षरं नव्हती. पेन स्वस्तातलं होतं, हाराल्ट म्हणाला.

५

बुधवारी तिने एक गोष्ट तपासली. व्रोनीला मुलांच्या स्की शाळेत सोडलं, वर गेली आणि दोन तासांनी जीव मुठीत धरून परत आली. शिकवणारी दणकट मुलगी लांबूनच ओरडली, "तुम्हीच व्रोनीची आई ना? बाई गं, काय बोलते ही! माझे कान किटले!" आणि तिच्या मागून व्रोनी आली, नाक लालबुंद, टोपी वाकडी, बडबड चालू. गुद्रुनने तिला छातीशी धरलं आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं. डोंगरावरच्या खानावळीत तिने तिला खसखस पेरलेला वाफेचा गोड गोळा घेऊन दिला आणि व्रोनीने तो चाटूनपुसून खाल्ला.

म्हणजे बाहेर सगळं ठीक होतं. जे काही होतं ते त्या घरात होतं.

"आपण आजच निघू," ती हाराल्टला म्हणाली.

"आज? अजून तीन दिवस आहेत!"

"मला ते घर नको."

"अगं पण का?"

काय सांगणार? दिवा लागत नाही म्हणून? ती म्हणाली, "मला नको म्हणून." तेवढं कारण हाराल्टला लग्नापासून पुरत आलंय. तो कुरकुरत का होईना, बॅगा काढायला लागला. पण दुपारी बर्फ सुरू झालं ते इतकं दाट की काचेतला डोंगर दिसेना. चार वाजता गावातला भोंगा वाजला. हिमकडे कोसळायचा धोका, खालचा रस्ता बंद, डोंगरावर नेणारे पाळणे बंद. शनिवार सकाळपर्यंत कोणी हलू नये.

हाराल्टने बॅगा परत कपाटात ठेवल्या. त्याला बरंच वाटलं असावं.

६

गुरुवारी दिवसभर पांढरा उजेड होता. सावली नाही, आवाज नाही. घरात तेवढी जमीन उबेने मधूनच कुरकुरे. गुद्रुन कान देऊन ऐकत होती. हाराल्ट चालला की कुरकुरे, किलिआन चालला की कुरकुरे. व्रोनी काचेपासून टेबलापर्यंत, टेबलापासून काचेपर्यंत चालत होती आणि जमीन गप्प होती.

हाराल्टने पत्ते वाटले. तिघांनाच. गुद्रुनने आपले पत्ते उचलून व्रोनीच्या हातात दिला. "ही खेळेल."

"मग तू?" हाराल्ट म्हणाला आणि तिच्याकडेच बघत राहिला. व्रोनीने पान टाकलं तेव्हा तो वाटच बघत होता. "टाक की गं, किती वेळ?"

"टाकलंय तिने!"

"कोणी?" किलिआनने विचारलं. यात खोडी नव्हती. त्याला खरंच कळलं नव्हतं.

व्रोनीने पत्ते हळूच खाली ठेवले. सकाळपासून ती मोजून दहा वाक्यं बोलली असेल. "राहू दे आई," ती म्हणाली. "बाहेर पण पोरं आहेत. त्यांना पण नव्हतं घेतलं."

"कुठली पोरं?"

"त्यांना थंडी वाजत नाही आता," व्रोनी म्हणाली, समजूत काढल्यासारखी.

गुद्रुन चहाचं आधण उतरवायला वळली. किती वेळ, चार श्वास? परत वळली तेव्हा टेबलाशी दोघंच होते.

काचेपलीकडे मोठा सज्जा होता. त्यावर कमरेइतकं बर्फ साचलेलं. सज्ज्याच्या टोकाला, कठड्याशी, व्रोनी पाठमोरी उभी होती, घरातल्या कपड्यांत, मोज्यांवर. तिच्या शेजारी आणखी होती. सगळी लहान. सगळी तिच्याच उंचीची किंवा थोडी कमी. एकाच्या डोक्यावर विणलेली गोंडेदार टोपी, हल्ली कोणी घालत नाही तसली. एकीच्या अंगात नुसता झगा. किती होती? गुद्रुन पहिल्या तिघांच्या पुढे मोजू शकली नाही, कारण त्यांच्यापलीकडे पांढऱ्यात पांढरं असं काहीतरी ओळीने उभं होतं आणि ती ओळ सज्जा संपला तरी संपत नव्हती. बर्फावर पावलं मुळीच नव्हती. शेवटून दुसऱ्याने मान वळवायला सुरुवात केली.

त्याचा चेहरा बघायला गुद्रुन थांबली नाही. तिने काचेचं दार खांद्याने ढकललं, कमरेइतक्या बर्फातून घुसली, व्रोनीची मानगूट धरली आणि मांजरीने पिल्लू उचलावं तशी उचलून आत आणली. दार लावलं. "माझी आहे ही!" ती काचेवर ओरडली. "कळलं का? माझी! तुमच्यात जागा नाही हिला!" बाहेर नुसतं बर्फ पडत होतं.

व्रोनीचा हात गार नव्हता. गरमही नव्हता. तेच वाईट होतं.

मग तिने पाव कापायची सुरी घेतली आणि खुंट्यांशेजारच्या त्या महागड्या, गुळगुळीत देवदारी भिंतीत, एकेक अक्षर बोटभर खोल, कोरायला घेतलं. भुसा उडाला, सुरी वाकली, तिच्या तळव्याला फोड आला. थांबली नाही. हाराल्ट धावत आला.

"वेड लागलंय का तुला? दुसऱ्याची भिंत आहे ही! काय लिहिलंयस?"

"वाच."

त्याने वाचलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. भोळी, प्रेमळ काळजी.

"गुद्रुन," तो हळू आवाजात म्हणाला, "व्रोनी कोण?"

ती रडली नाही. तिने त्याच्या एक थोबाडीत ठेवून दिली.

७

शुक्रवारी सकाळी ती व्रोनीला मफलरने पाठीला बांधून तळमजल्यावर गेली. पोरीचं ओझं जाणवत नव्हतं, म्हणून ती दर पायरीला मागे हात नेऊन चाचपत होती. त्सांगर्लबाई कचेरीत बसल्या होत्या. समोर एक जाडजूड वही. हाराल्टने फोनवरून भरलेलं पत्रक त्यांनी त्यात शाईने उतरवून घेतलं होतं.

"दाखवा."

त्सांगर्लबाईंनी आढेवेढे न घेता वही फिरवली. हाराल्ट, गुद्रुन, किलिआन. खाली एक रिकामी ओळ. गुद्रुनने पानं मागे उलटली. वेगळी आडनावं, वेगळी वर्षं, शाई पिवळी पडत गेलेली, आणि बऱ्याच घराण्यांखाली तशीच एक रिकामी ओळ. काहींखाली दोन.

"हिचं नाव घाला."

"पत्रक गेलं आता, बाई. तीन म्हणून आलात, उद्या तीन म्हणून निघाल. वाढवता येत नाही."

"हे लोक परत येऊन काही म्हणाले नाहीत कधी?"

"कशाबद्दल?" त्सांगर्लबाईंनी विचारलं. त्या खोटं बोलत नव्हत्या.

गुद्रुन त्या वहीकडे बघत उभी राहिली. वही फाडावी, शेगडीत घालावी, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण फाडलेल्या वहीतून पोर कसं परत यायचं? पाठीवर तिला पोरीचा श्वास जाणवत नव्हता. तिने मागे हात नेला. हात मफलरला लागला, मफलरच्या आत बराच वेळ काहीच लागलं नाही, आणि मग अगदी बारीक काहीतरी लागलं.

"पेन द्या," ती म्हणाली.

"वाढवता येत नाही म्हटलं ना."

"वाढवत नाहीये. तीनच राहतील. बदलतेय."

त्सांगर्लबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलं. "नीट विचार करा, बाई. असं इथे अजून कोणी केलेलं नाही."

"मग आता बघून घ्या कसं करतात ते."

तिने स्वतःच्या नावावर काट मारली. एकदा नाही, तीनदा, कागद फाटेस्तोवर. वर व्रोनीचं पूर्ण नाव लिहिलं, वेरोनिका. त्या क्षणी पाठीवर अठरा किलोंचं ओझं धपकन आलं, इतकं की ती टेबलावर आदळली, आणि कानाशी खणखणीत आवाज आला, "आई, मला शू आलीय! आणि भूक! खूप भूक!"

त्सांगर्लबाईंनी टिपकागदाने शाई टिपली, मान वर केली आणि तोंडभर हसल्या. "अगंबाई, ही कोण गोड मुलगी? आणि तू एकटीच कशी आलीस गं खाली?"

"एकटी नाही, मी आहे," गुद्रुन म्हणाली.

त्सांगर्लबाई उत्तराची वाट बघत व्रोनीकडेच हसत राहिल्या.

ती वर गेली. बिनखिडकीच्या वाटेत व्रोनी पुढे पळाली आणि दिवा लागला. गुद्रुन मागून शिरली तेव्हा तो विझला होता आणि विझलेलाच राहिला. "नको लागूस," ती त्याला म्हणाली. "मला अंधारात चालता येतं." टेबलावर तीन ताटल्या होत्या आणि हाराल्ट लेकीला मांडीवर घेऊन भरवत होता, जन्मभर भरवत असल्यासारखा. गुद्रुनने कपाट उघडून चौथी ताटली काढली, ती दाणकन आपटली आणि त्यांच्यात बसून पोटभर जेवली. हाराल्टने तिच्याकडे मीठ सरकवलं. "घे, अं…" तो अडला, कपाळ चोळलं. "गुद्रुन." त्यानंतर ते नाव त्याने पुन्हा घेतलं नाही.

८

शनिवारी लख्ख ऊन पडलं. रस्ता मोकळा झाला. गुद्रुनची बॅग कोणी भरली नव्हती, ती तिने भरली. दाराशी तिने घाई केली नाही, कोपरान्कोपरा बघून घेतला, सज्ज्याकडे मात्र पाहिलं नाही. खाली उतरून अंगणात आली तेव्हा गाडी सुरू होती. पुढच्या सीटवर, तिच्या जागी, किलिआन बसला होता. मागे व्रोनी पट्ट्यात बांधलेली, आणि तिच्या शेजारी हेल्मेटं आणि जाकिटांचा ढीग रचलेला.

तिने मागचं दार उघडलं. हाराल्टने वळून पाहिलं.

"नमस्कार," तो अदबीने म्हणाला. "आमचं काही वर राहिलं का? आपण उगीच त्रास घेतलात."

अठरा वर्षांत तो तिच्याशी असं बोलला नव्हता.

"राहिलं होतं," ती म्हणाली. "मी."

"म्हणजे? आपल्याला लिफ्ट हवीय का? कुठपर्यंत?"

"लिंझ. तिसरा मजला, उजवीकडचं दार. हवा बदलली की तुझा डावा खांदा दुखतो, आणि बोगद्यात शिरताना तू दिवे लावायला विसरतोस. आज विसरू नकोस. बघतोस काय? चल."

हाराल्टचा हात नकळत डाव्या खांद्याकडे गेला. त्याचं तोंड उघडं राहिलं. किलिआनने कानातली वायर काढली आणि आईकडे असं पाहिलं, जसं रस्त्यात आपल्याशी एकदम बोलायला लागलेल्या परक्या बाईकडे बघतात.

"बाबा," मागून व्रोनीने विचारलं, "ह्या बाई कोण?"

हे गुद्रुनला ठाऊक होतं. पेन हातात घेतानाच ठाऊक होतं. तरी ते पोरीच्या तोंडून ऐकताना तिच्या काळजाचं पाणी झालं. तिने गाडीच्या दाराची कड घट्ट धरली, आणि मग वाकून तिच्या अगदी डोळ्यांसमोर तोंड नेलं. पोरीचे गाल तापलेले होते, तोंडाला जॅम लागला होता, दात हलत होता. जिवंत होती. अख्खी होती.

"मी तुझी आई."

व्रोनीने खूप विचार केला. तिच्या कपाळाला बारीक आठ्या पडल्या. "मला नाही आठवत," ती शेवटी म्हणाली.

"नसू दे. मी सांगेन. आज सांगितलं, उद्या सांगेन, परवा सांगेन. तू कंटाळलीस तरी सांगेन, चिडलीस तरी सांगेन. मला दुसरं काम नाही. ते हेल्मेट उचल तिथून. मला बसायचंय."

व्रोनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने हेल्मेट उचलून मांडीवर घेतलं.